समुपदेशन फिसकटलं, आता पुढे काय? कौटुंबिक न्यायालयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कौटुंबिक न्यायालयात अर्ज दाखल झाला की पहिल्या काही तारखा विवाह समुपदेशकांच्या खोलीत जातात. तिथे जमलं तर बरंच. नाही जमलं तर फाइल परत न्यायाधीशांच्या बोर्डावर येते, आणि नेमकी इथेच माणसं गोंधळतात. तोवर सगळं बोलण्यावर चाललेलं असतं, इथून पुढे सगळं कागदावर चालतं. पक्षकार मला कोर्टाच्या जिन्यात, कँटीनमध्ये आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः हिंदू विवाह कायद्याखालच्या प्रकरणांची आहेत. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतो, पण पुढचा क्रम साधारण असाच.

समुपदेशकांनी अहवालात "तडजोड होऊ शकली नाही" एवढंच लिहिलंय. चूक कोणाची, ते का नाही लिहिलं?

कारण ते त्यांचं कामच नाही. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांनुसार समुपदेशकांपुढे झालेलं बोलणं आणि त्यांची टिपणं गोपनीय असतात. त्यांना साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात बोलावता येत नाही. न्यायाधीशांपर्यंत जातो तो फक्त निष्कर्ष: जमलं, नाही जमलं, किंवा इतकं जमलं आणि इतकं राहिलं.

त्यामुळे "मॅडमसमोर त्याने मारहाण कबूल केली होती, त्यांना विचारा ना" याचा उपयोग नाही. हे सांगितलं की समोरच्या माणसाचा चेहरा पडतो, मला माहीत आहे. पण त्याच नियमाने तुम्हीही वाचता. रागाच्या भरात "मला एक पैसा नको, फक्त सोडवा" असं तिथे म्हणून गेला असाल, तर ते तुमच्या पोटगीच्या अर्जाच्या आड येत नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र वेगळं आहे. ताबा ठरवताना घरचं वातावरण कसं आहे, मूल कोणाशी कसं वागतं, यावर न्यायालय समुपदेशकांकडून अहवाल मागवू शकतं. मुलाच्या हिताचा प्रश्न असेल तेव्हा गोपनीयतेच्या नावाखाली असा अहवाल बाजूला ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये म्हटलं आहे.

अहवाल गेला. पुढची तारीख नक्की कशाची असते?

तीन गोष्टींची, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक, समोरच्या बाजूची लेखी कैफियत, म्हणजे तुमच्या अर्जाला त्यांचं लेखी उत्तर. समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, फार तर ९० दिवस असा दिवाणी कायद्याचा हिशेब आहे. कौटुंबिक न्यायालयं बऱ्याचदा थोडा खर्च लावून उशिराची कैफियतही घेतात, पण त्या भरवशावर राहू नका. "कैफियतीशिवाय पुढे चालवावे" असा आदेश झाला, की तो फिरवून घ्यायलाच दोन तारखा जातात. दोन, अंतरिम अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या काळासाठी पोटगी, मुलांची भेट, घरात राहणं. त्यावर समोरच्याचं म्हणणं येतं आणि सुनावणी होते. तीन, हे मार्गी लागल्यावर न्यायाधीश मुद्दे काढतात. मुद्दे म्हणजे कोणी काय सिद्ध करायचं त्याची यादी: "अर्जदाराने क्रूरता सिद्ध केली आहे काय?" वगैरे. पुढचा सगळा पुरावा या यादीभोवती फिरतो, म्हणून ती नीट वाचा.

प्रत्येक तारखेला काय झालं ते रोजनाम्यात लिहिलं जातं. वकिलाने फोनवर सांगितलेल्या सारांशावर समाधान मानू नका (हे मी वकील असून सांगते आहे). ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तुमचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक (तुमच्या प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे ते दिसतं.

मला वकील लावता येतो ना? कोणी म्हणालं, फॅमिली कोर्टात वकील चालत नाही.

अर्धवट खरं आहे. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार वकिलामार्फत बाजू मांडणं हा तिथे हक्क नाही. व्यवहारात परवानगीचा अर्ज देतात आणि लढतीच्या प्रकरणात ती सहसा मिळते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. "मी नोकरी करते, मला देतील का?" असं विचारतात. देतात.

पोटगी कधी सुरू होईल? घरभाडं आत्ता भरायचंय.

समुपदेशन संपल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या एका कागदावर सर्वांत जास्त मेहनत घ्यावी, तो म्हणजे मालमत्ता आणि दायित्वांचं शपथपत्र. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते देशभर दोन्ही बाजूंना सक्तीचं केलं. पगार, बँक खाती, कर्ज, विमा, सोनं, गाडी, भाड्याचं उत्पन्न, मुलांचा खर्च हे सगळं ठरावीक नमुन्यात भरायचं असतं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. त्यात जमीन, पीक, जनावरं येतात. ग्रामीण भागातून आलेल्या पक्षकारांना कित्येकदा शहरी नमुनाच भरून दिलेला दिसतो आणि मग "पगार: लागू नाही" अशा रिकाम्या ओळी तेवढ्या उरतात. तसं झालं असेल तर बदलून घ्या.

त्याच निकालाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट पक्की केली: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आदेशाच्या तारखेपासून नाही. म्हणजे आदेशाला आठ महिने लागले तर आठ महिन्यांची थकबाकीही मिळते. मात्र त्यासाठी अर्ज दाखल झालेला हवा. "आधी समुपदेशन होऊ दे, मग बघू" म्हणून अंतरिम अर्ज न करता थांबलेल्यांचे तेवढे महिने बुडतात.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालचा अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदाच म्हणतो. "शक्यतो" या शब्दात काय काय मावतं ते तुम्हाला दोन-तीन तारखांत कळेलच. तरी समोरची बाजू म्हणणंच देत नसेल तर या ६० दिवसांची आठवण लेखी करून द्यावी. तोंडी केलेली तक्रार रोजनाम्यात येईलच असं नाही.

शपथपत्र भरताना दोन्हीकडचे लोक एकच चूक करतात. नवरा उत्पन्न कमी दाखवतो, बायको खर्च फुगवते. दोन्ही आकडे उलटतपासणीत, म्हणजे समोरचे वकील प्रश्न विचारतात तेव्हा, उघडे पडतात. ईएमआय पगारापेक्षा जास्त दाखवला, तर मग महिना कशावर काढता, हा प्रश्न येणारच. बायको शिकलेली आहे, नोकरी करू शकते, एवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येत नाही. पण ती प्रत्यक्ष नोकरी करत असेल आणि लपवत असेल तर ती गोष्ट वेगळी. आणि हो, कलम २४ खाली कमाई नसलेला नवराही मागू शकतो. कायद्यात "पती किंवा पत्नी" असंच लिहिलंय.

आदेश झाला, पण पैसे येत नाहीत.

दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते. आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा असेल (१ जुलै २०२४ पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं, कलम १२५), तर वसुलीचं वॉरंट निघतं आणि न भरलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. त्यासाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. "चांगली तीन वर्षांची साठू दे, मग एकदम मागू" हा सल्ला देणारा शेजारी प्रत्येक सोसायटीत असतो. त्याचं ऐकू नका.

दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली पोटगी मंजूर झाली असेल तर नंतरचं न्यायालय आधीची रक्कम लक्षात घेऊन वजावट करतं. म्हणून आधीचा आदेश लपवू नका. समोरचा वकील तो घेऊनच येतो.

केस चालू असताना मुलं कोणाकडे? आणि भेट?

अंतिम निकालापर्यंत थांबायची गरज नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अंतरिम ताबा आणि भेटीचा अर्ज करता येतो. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, असं १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो. पण शेवटी मोजलं जातं ते मुलाचं हित, आणि "सर्वसाधारणपणे" म्हणजे "नेहमीच" नव्हे.

भेटीचे आदेश साधारण ओळखीचे असतात: एक आड एक शनिवार-रविवार, सुट्टीतला निम्मा काळ, वाढदिवसाचे काही तास, आठवड्यात ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल. तणाव फार असेल तर सुरुवातीच्या भेटी न्यायालयातल्या बालकक्षात, समुपदेशकांच्या नजरेखाली होतात. म्हणजे ज्या समुपदेशकांचा निरोप घेतला असं वाटलं होतं, त्यांची गाठ इथे पुन्हा पडू शकते.

आदेशात तपशील मागून घ्या. "योग्य वेळी भेट द्यावी" असा आदेश म्हणजे दर शनिवारी नवं भांडण. कुठे सोपवायचं, किती वाजता, आणायला आजोबा आले तर चालेल का, मूल आजारी असेल तर बदली दिवस कोणता, हे सगळं लिहिलेलं हवं. उन्हाळी सुट्टीतली भेट हवी असेल तर मे उजाडायची वाट पाहू नका. मे महिन्यात न्यायालयालाही सुट्टी असते. मार्चमध्येच अर्ज टाका. दिवाळीचं तसंच.

पोटगी आणि भेट यांची अदलाबदल करता येत नाही. "पैसे दिले नाहीत, म्हणून मूल पाठवलं नाही" आणि "मूल दाखवत नाही, म्हणून पैसे थांबवले" ही दोन्ही वाक्यं न्यायाधीशांना सारखीच खुपतात. समोरच्याने आदेश मोडला तर तारखेसह नोंद ठेवा आणि अर्ज करा.

जरा मोठ्या मुलाशी न्यायाधीश स्वतःच्या दालनात, आईवडिलांना बाहेर ठेवून बोलतात. आदल्या रात्री मुलाला पढवू नका. सात वर्षांच्या पोराच्या तोंडी "मानसिक छळ" हा शब्द आला की तो कुठून आला हे कोणालाही कळतं.

म्हणजे आता तडजोडीचं दार बंद झालं?

अजिबात नाही. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ९ नुसार कोणत्याही टप्प्यावर समेटाची शक्यता दिसली तर न्यायालय कामकाज थांबवून संधी देऊ शकतं. प्रत्यक्षात तडजोडी जास्त करून तीन ठिकाणी होताना मी पाहते: पोटगीचा अंतरिम आदेश आल्यावर, उलटतपासणीचा पहिला दिवस पार पडल्यावर, आणि दोघांपैकी एकाला परदेशात नोकरी लागल्यावर. समुपदेशनात दोघांनाही आपलीच बाजू भक्कम वाटत असते. शपथपत्रं समोर आली की हिशेब दिसायला लागतो.

ठरलंच तर चालू असलेला लढतीचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्परसंमतीच्या अर्जात बदलून घेता येतो. पहिला अर्ज आणि दुसरी सुनावणी यात सहा महिने असतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये ही मुदत माफ करता येते असं सांगितलं. त्यासाठी पहिल्या अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी-ताबा वगैरे सगळं मिटलेलं असावं. समुपदेशकांचा तो कोरडा, एका ओळीचा अहवाल इथे कामाला येतो: प्रयत्न झाले आणि फसले, याचा तो पुरावा असतो.

संमती अटी लिहिताना घाई करू नका. एकरकमी रक्कम किती, डिमांड ड्राफ्टने की कशी, कोणत्या तारखेला किती. स्त्रीधनाची वस्तुवार यादी. फ्लॅटचं कर्ज कोण फेडणार. मुलांची फी कितवीपर्यंत. एकमेकांविरुद्धचे इतर खटले कोणी, कधी मागे घ्यायचे किंवा उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यायचे. हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो, हे १९९१ पासून ठरलेलं आहे. म्हणून सगळे पैसे पहिल्याच दिवशी देऊ नयेत आणि सगळे शेवटच्या दिवसावरही ठेवू नयेत.

आम्ही सात वर्षं वेगळे राहतोय. घटस्फोट आपोआप होत नाही का?

नाही. संसार कायमचा मोडला आहे, एवढ्याच कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार आज फक्त सर्वोच्च न्यायालयाला, घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली आहे. मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने तो स्पष्ट केला. कौटुंबिक न्यायालयात क्रूरता, परित्याग वगैरे कायद्यातलं कारण सिद्धच करावं लागतं.

उलटतपासणीची फार भीती वाटते.

वाटणारच. आधी तुमचं सरतपासणीचं शपथपत्र, म्हणजे तुमची स्वतःची लेखी साक्ष, दाखल होतं. तुमची सगळी हकिकत त्यात यायला हवी. तिथे राहिलेली गोष्ट नंतर घुसडली की ती बनावट वाटते. मग समोरचे वकील प्रश्न विचारतात. कौटुंबिक न्यायालयात हे बंद दरवाजाआड व्हावं अशी मागणी तुम्ही करू शकता. एका बाजूने मागितलं तरी पुरे.

एक गंमत सांगते, कारण तिने पुष्कळ जण गडबडतात. तुमची उत्तरं प्रश्नासकट एकाच वाक्यात टंकली जातात. "तुम्ही सासू-सासऱ्यांशी भांडत होतात ना?" "नाही." कागदावर येतं: "मी सासू-सासऱ्यांशी भांडत होते, हे म्हणणे खरे नाही." अशी चाळीस वाक्यं ओळीने वाचली की डोकं गरगरतं आणि एखादा "नाही" गळालेला लक्षात येत नाही. सही करण्यापूर्वी संथपणे वाचा. चूक असेल तर तिथल्या तिथे सांगा. न्यायाधीश दुरुस्त करतात.

प्रश्न कळला नाही तर "कळला नाही" म्हणा. आठवत नसेल तर "आठवत नाही". भाषण देऊ नका. जास्तीचं प्रत्येक वाक्य पुढच्या तीन प्रश्नांना खाद्य देतं.

माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आणि कॉल रेकॉर्डिंग आहे. चालेल?

नवरा-बायकोमधलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १४ मुळातच पुराव्याच्या बाबतीत सैल आहे. पण मूळ फोन जपून ठेवा, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा आणि संभाषणाची पूर्ण प्रत द्या. सोयीचे तेवढेच स्क्रीनशॉट दिले की समोरचा उरलेले देतो. दुसऱ्याचा फोन किंवा ईमेल फोडून काढलेली माहिती हा वेगळा आणि महागात पडणारा विषय आहे.

नवरा अमेरिकेत आहे, तारखेला येतच नाही.

समन्स नीट बजावलं गेलं असेल आणि तो आला नाही तर प्रकरण एकतर्फी चालतं. नंतर तो कारण दाखवून एकतर्फी हुकूमनामा रद्द करा म्हणून येऊ शकतो. म्हणून बजावणीचा पुरावा भक्कम ठेवा. ईमेल, कुरिअरच्या पावत्या, सगळं. व्हिडिओवरून हजेरीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं होतं की समेटाचे प्रयत्न चालू असताना ती नको, ते फसल्यावर दोघांनी मिळून मागितली तर न्यायालय विचार करू शकतं. कोविडनंतर व्हिडिओ हजेरी बरीच रुळली आहे. तरी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, आणि तिकडे रात्री अडीच वाजता जागं राहायची तयारी हवी.

एकूण किती वेळ लागेल?

कायदा म्हणतो, नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न व्हावा. लढतीच्या प्रकरणाला वर्षं लागतात. जास्त वेळ उलटतपासणी खाते, आणि त्यातला बराचसा "आज साहेब रजेवर", "आज वकील दुसऱ्या कोर्टात" यात जातो. तुमच्या हातात एवढंच, की आपल्याकडून तारीख मागायची नाही.

निकाल लागला. लगेच दुसरं लग्न करता येतं?

लढतीचा हुकूमनामा असेल तर अपिलाची मुदत संपेपर्यंत नाही. कुटुंब न्यायालय कायदा ३० दिवस म्हणतो, हिंदू विवाह कायदा ९० दिवस. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ९० दिवस धरले आहेत, तेव्हा ९० धरा. अपील झालं तर ते निकाली लागेपर्यंत थांबा. परस्परसंमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं.

नक्कल विभागात अर्ज देऊन न्यायनिर्णय आणि हुकूमनामा अशा दोन्हींच्या प्रमाणित प्रती घ्या, आणि एकाऐवजी दोन-तीन संच घ्या. पासपोर्ट, बँक, मुलांची शाळा, सोसायटी, जो तो मूळ प्रत बघायला मागतो, आणि पाच वर्षांनी नक्कल काढायला गेलात तर फाइल अभिलेख कक्षातून वर यायलाच आठवडे जातात.